बाबांनी डोळे मिटले नाहीत

तुमच्या बापाच्या गाडीखाली माणूस गेलं, त्यात त्याचा काडीचाही दोष नव्हता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वयंपाकघरात येऊन बसला, तर तुम्ही त्याला काय म्हणाल? घाईनं उत्तर देऊ नका. आम्हाला ते सापडलं नव्हतं. आईनं चहा समोर ठेवला आणि म्हणाली, "साखर कमी झाली का पाहा." बाबांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, "बरी आहे." त्यानंतर कित्येक महिने आमच्या घरात सगळंच बरं होतं. भाजी बरी होती, माझे मार्क बरे होते, गावाकडची माणसं बरी होती. कुणी रडलं नाही, कुणाचा आवाज चढला नाही. शेजाऱ्यांना तर वाटत होतं की गजभियांच्या घरात किती शांतता आहे. मी लिहिते आहे ते त्या बऱ्या दिवसांबद्दल. मी तेव्हा बारावीत होते. आज तिशीच्या अलीकडे उभी आहे, म्हणजे आठवणी लिहायचं हे वय नव्हे असं कुणी म्हणेल. म्हणू द्या. काही गोष्टी म्हातारपणापर्यंत सांभाळून ठेवल्या की फार गोड होतात. मला ही गोड करायची नाही.

बाबा जयपूरला मालगाडीचे ड्रायव्हर होते. कागदावर लोको पायलट, पण वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावात अजूनही 'ड्रायवर' हाच मानाचा शब्द आहे. बदली होऊन ते इथे आले तेव्हा मी पाळण्यात होते, त्यामुळे माझ्यासाठी घर म्हणजे रेल्वे कॉलनीतलं पिवळ्या भिंतींचं क्वार्टर, पुढे जाळीचा व्हरांडा, आणि व्हरांड्यातून दिसणारी यार्डाची एक कड. शंटिंगचा आवाज आम्हाला ऐकू येत नसे. म्हणजे येत असे, पण डबे एकमेकांवर आपटताना पाहुणे दचकले की मगच आम्हाला कळे की आवाज झाला. आई बाजरीची भाकरी करायची, कारण इथे बाजरी चांगली मिळते आणि ज्वारी शोधावी लागते. रविवारी गोळाभात असे. बेसनाचे गोळे भातात शिजायचे, वरून फोडणीचं गरम तेल, आणि बाबा ताटात तेल पसरू न देता मधोमध खळगा करून खायचे. ती त्यांची खाण्याची कला होती आणि मला ती कधी जमली नाही.

घरात पुस्तकं थोडी आणि पत्रकं फार. बाबांनी तरुणपणी गावाकडे पत्रकं लिहिली, छापली, वाटली. पाणवठ्यासाठी, वसतिगृहासाठी, एका मास्तरच्या बदलीविरुद्ध. गुलाबी, पिवळ्या, पोपटी पातळ कागदांचे गठ्ठे ते बदलीबरोबर घेऊन आले होते. शाळेत मला हिंदीतून देवनागरी शिकवली गेली, पण मराठी मी त्या गठ्ठ्यांतून शिकले. त्यामुळे 'निषेध', 'जाहीर आवाहन' आणि 'बहुसंख्येने उपस्थित राहावे' हे मला 'लाटणं' आणि 'कोथिंबीर' याच्या आधी आलं. घरात आम्ही धनियाच म्हणायचो. मी लिहायला लागले तेव्हा बाबा लाल पेन घेऊन बसायचे. "हे 'अत्यंत' काहून लिहिलं?" ते विचारायचे. "जुलूम जुलूमच असतो. अत्यंत जुलूम म्हणजे काय, थोडा जुलूम चालते का?" माझं एकही वाक्य त्यांच्या हातून अखंड सुटलं नाही. एकदा चिडून मी म्हटलं, मतलब माझं काहीच चांगलं नाही का? तर म्हणाले, "चांगलं आहे म्हणून तं खोडून राहिलो. वाईट असतं तर फेकलं असतं."

ड्रायव्हरच्या घरातली आणखी एक रीत सांगते, कारण ती बाहेरच्यांना ठाऊक नसते. इंजिनात दोघं असतात, ड्रायव्हर आणि असिस्टंट. समोर सिग्नल दिसला की एकानं हात पुढे करून त्याचा रंग मोठ्यानं म्हणायचा आणि दुसऱ्यानं तो पाहून परत म्हणायचा. एकाला झोपेची गुंगी आली असेल, एकाची नजर चुकली असेल, तर दुसऱ्याचा आवाज त्याला जागेवर आणतो. बाबांच्या अंगात हे इतकं भिनलं होतं की स्कूटरवरसुद्धा चौकात दिवा दिसला की त्यांचा उजवा हात वर जायचा. "रेड." मागून आईनं किंवा मी म्हणायचं, "रेड." आम्ही गप्प बसलो तर ते पुन्हा म्हणायचे, अधिक मोठ्यानं, आणि चौकातले लोक बघायचे. टोंक रोडवर आई पदरात तोंड लपवून म्हणायची, "ग्रीन बाप्पा, ग्रीन, चला आता." मला वाटे की सगळ्यांचेच बाप असे ओरडतात.

तर तो अपघात. सांगानेर सोडून पुढे, मोकळ्या रानात. आम्हाला एवढंच कळलं की कुणीतरी रूळ ओलांडत होतं. मालगाडीला ब्रेक लावला तरी ती लगेच थांबत नाही, तिच्या मागे तिचं सगळं वजन असतं. ड्रायव्हर हॉर्न देतो, ब्रेक लावतो, आणि मग त्याच्या हातात काहीच उरत नाही. बघण्याशिवाय. चौकशी झाली, बाबांची चूक नाही असं निघालं, थोडी सुट्टी मिळाली आणि ते पुन्हा कामावर गेले. घरी बदल असा काही दिसला नाही. फक्त गोळाभाताच्या ताटात तेल इकडेतिकडे पसरलेलं असायचं. स्कूटरवर हात वर जायचा बंद झाला. मागून मी एकदा मुद्दाम म्हटलं, "बाबा, रेड." ते थांबले, दिवा हिरवा झाला तसे निघाले. मला काही वाटलं का, हे मी आज आठवून पाहते. नाही वाटलं. पायाला मुंग्या आल्यावर आपण तो हातानं उचलून ठेवतो आणि तो दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा वाटतो, तसं आम्ही तिघं एकमेकांना उचलून ठेवत होतो.

मग एके दिवशी बाबांनी रिकाम्या रुळावर गाडी थांबवली. समोर काहीही नव्हतं. असिस्टंट म्हणाला, गुरुजी, क्या हुआ, आणि बाबांना सांगता येईना. पुढच्याच फेरीत पुन्हा तेच. त्यांना इंजिनावरून उतरवलं आणि लॉबीत, म्हणजे जिथे ड्रायव्हर कामावर हजर होतात तिथे, टेबलाच्या कामाला बसवलं. रेल्वेच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, तब्येतीत दोष नाही, मनावर ताण आहे. कॉलनीच्या हॉलमध्ये ड्रायव्हरांसाठी योगाचे वर्ग सुरू झालेत, तिथे जा, मग बघू. 'मग बघू' याचा अर्थ आम्हाला नीट कळत होता. वर्गाचा अहवाल चांगला आला तर पुन्हा इंजिन. नाही आला तर कायमचं हलकं काम, टेबल, रजिस्टर आणि खिडकीतून दिसणारे दुसऱ्यांचे गाडीवर चढणारे पाय. ज्या माणसाच्या बापानं जन्मभर दुसऱ्याच्या शेतात खाली मान घालून काम केलं, त्याला इंजिनाच्या उंचीवरून रान दिसणं म्हणजे काय असतं, हे डॉक्टरांना सांगण्यात अर्थ नव्हता. आईनं फक्त विचारलं, "जाल ना?" बाबा म्हणाले, "जाईन."

आता आमच्या घराचं आणि योगाचं नातं सांगायला हवं. ते वाकडं होतं. बाबांचं म्हणणं असायचं की श्वास ही कुणाच्या बापाची जहागीर नाही. रविवारी संध्याकाळी आम्ही बुद्धवंदना घ्यायचो आणि नंतर थोडा वेळ नुसतं बसायचो, नाकाशी येणारी-जाणारी हवा बघत. बाबा सांगायचे, "तिला ओढू नको, ढकलू नको. येते तशी येऊ दे." त्याला ते योग म्हणत नसत. टीव्हीवर रांगेनं वाकणारी माणसं दिसली की म्हणायचे, "वाकायची सवय लावायला आम्हाला शिबीर नाही लागत. आमच्या पिढ्या वाकल्या." पण पाठ दुखली की तेच बाबा पालथे पडून नागासारखी छाती उचलायचे आणि आई विचारायची, "हे काय मग?" तर म्हणायचे, "हे कंबरेचं दुखणं आहे, याला नाव नाही." अपघातानंतर रविवारचं बसणं बंद झालं. कुणी बंद केलं नाही. फक्त कुणी बसलं नाही.

मला मात्र राग आला. त्या घरात तेव्हा एवढी एकच जिवंत गोष्ट होती, माझा राग, आणि मी तो कागदावर काढला. कॉलनीतल्या सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीत पत्रक लिहिलं. ज्याच्या गाडीखाली माणूस गेलं त्याला पुरेशी रजा द्या. त्याच्याशी बोलायला या विषयात शिकलेलं माणूस द्या. चटईवर बसण्याची सक्ती करू नका आणि बसलेल्यांचे फोटो काढू नका. आज मी त्या पत्रकातला एकही शब्द मागे घेणार नाही. आसनं वाईट नसतात. पण विश्रांती मागणाऱ्याला विश्रांतीच्या ऐवजी आसन दिलं, तर ती देणाऱ्याची पळवाट असते, आणि तिला आरोग्य म्हणणं खोटं आहे. छापायला टाकण्याआधी मी मसुदा बाबांसमोर ठेवला. लाल पेनही ठेवलं. त्यात मी जाणूनबुजून नव्हे, पण सवयीनं तीन ठिकाणी 'अत्यंत' लिहिलं होतं. बाबांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. कागद माझ्याकडे सरकवला. "बरं आहे," ते म्हणाले.

मी पेन उचलून परत ठेवलं. अपघाताची बातमी ऐकताना मला जे कळलं नव्हतं ते त्या दोन शब्दांत कळलं. माझे बाबा त्या खुर्चीवर नव्हते.

रविवारच्या वर्गाला घरच्यांनाही बोलावलं होतं. बॅडमिंटनच्या हॉलमध्ये जाळी काढून निळ्या चटया पसरल्या होत्या. मी दाराशी पत्रकं वाटत उभी राहिले. आई शेवटच्या रांगेत बसली. शिकवणाऱ्या अंजू मॅडम प्रताप नगरहून स्कूटरवर यायच्या, तिशीच्या, बारीक, घसा थोडा बसलेला. त्यांनी माझं पत्रक घेतलं, घडी करून ओढणीत खोचलं आणि त्या चटयांकडे वळल्या. वर्ग चांगला होता, हेही लिहायला हवं. रात्रपाळी करून आलेली, पाठीचे मणके आखडलेली माणसं हळूहळू हात वर नेत होती आणि त्यांच्या तोंडून आपोआप उसासे निघत होते. एक जण म्हणाला, "मॅडम, ये घुटना तो कल ही रिटायर हो गया," आणि हॉल हसला. बाबा दुसऱ्या रांगेत होते. सांगितलं ते सगळं करत होते. मग मॅडम म्हणाल्या, आरामात बसा, डोळे बंद करा, आता फक्त श्वास.

सगळे डोळे मिटले. बाबांचे उघडे राहिले. मॅडम रांगेतून फिरत त्यांच्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "आँखें बंद, भैया." बाबांनी मान हलवली. डोळे उघडेच. मॅडमनी पुन्हा सांगितलं. तेव्हा मागे खुर्चीवर बसलेले लॉबीचे इन्चार्ज उठून आले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांच्यावरही वरचे लोक होते. पण आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "गजभियेजी, सहयोग कीजिए. ऊपर रिपोर्ट जाती है." बाबांनी प्रयत्न केला. मी दारातून पाहिलं, त्यांच्या पापण्या खाली आल्या आणि विस्तवाला हात लागावा तशा परत उघडल्या. मग ते उठले, चटईची नीट गुंडाळी केली, ती भिंतीशी ठेवली, आणि माझ्या शेजारून बाहेर गेले.

दुपारपर्यंत कॉलनीभर झालं. आमच्या मागच्या क्वार्टरमधले ढोके काका, तिकीट तपासनीस, मूळचे नागपूरचे, ते जेवण सोडून आले. "वा, दादा," ते बाबांना म्हणाले. "साहेबांच्या तोंडावर डोळे उघडे ठेवले. याला म्हणतात बाणा. पोरीचं पत्रक दारात आणि बापाचा निषेध आतमध्ये. असं पाहिजे." मलाही ते तसंच दिसलं होतं. ज्या घरात प्रत्येक गोष्टीची बाजू घ्यायची असते, तिथे उघड्या डोळ्यांचा दुसरा अर्थ निघतच नाही. ढोके काका म्हणाले, कॉलनीतल्या आपल्या लोकांच्या मंडळातर्फे पाठिंब्याचं पत्रक काढू. बाबा ऐकत होते. आई परातीत पीठ मळत होती. तिनं हात थांबवले.

"निषेध नाही तो," आई म्हणाली.

ढोके काका हसले. "वहिनी, तुम्ही काय बोलून राहिल्या?"

"हे घरीही डोळे मिटत नाहीत. कितीतरी दिवस झाले. पलंगावर पडतात, पंख्याकडे पाहतात. डुलकी लागली की उठून बसतात. मी बाजूलाच असते, मला माहीत नाही का?" ती पीठ परत मळायला लागली. "पत्रक नका काढू. पाया पडते तुमच्या."

ढोके काका म्हणाले, "मी येतो," आणि गेले. मी बाबांकडे पाहिलं. ते आईकडे पाहत होते, जणू ती दुसऱ्या कुणाबद्दल सांगत होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अंजू मॅडम घरी आल्या. माझं पत्रक त्यांच्या हातात होतं, त्यामुळे मी भांडायच्या तयारीनं दार उघडलं. "तुम्ही अहवालात नकार लिहिणार असाल तर," मी हिंदीत सुरू केलं, "आम्हीही वर लिहू." त्या म्हणाल्या, "लिहा. मलाही फोटो काढलेले आवडत नाहीत. पण तू आधी मला आत येऊ देशील का, स्कूटरवर बसून माझी कंबर धरली आहे." योग शिकवणाऱ्या बाईची कंबर धरलेली ऐकून आईला हसू फुटलं. फार दिवसांनी त्या घरात कुणीतरी हसलं, आणि तो आवाज आम्हाला इतका अनोळखी वाटला की आईनं लगेच पदर तोंडाशी नेला. आईनं त्यांना व्हरांड्यात बाबांच्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं आणि चहा दिला.

मॅडमनी आडवळण घेतलं नाही. "अहवाल मला परवा द्यायचा आहे," त्या म्हणाल्या. "मी खोटं लिहीत नाही. डोळे मिटल्यावर तुम्हाला काय होतं, ते सांगाल का?"

बाबा यार्डाकडे पाहत राहिले. उत्तर मी दिलं, थोडं तोऱ्यातच. इंजिनात एक बटण असतं, ड्रायव्हरनं थोडा वेळ कशालाच हात लावला नाही की ते लुकलुकतं, मग ओरडतं, आणि तरी हात हलला नाही तर ब्रेक आपोआप लागतात. अशा नोकरीत वर्षं काढलेल्या माणसाला तुम्ही भर उजेडात डोळे मीट म्हणता? मॅडमनी ते ऐकून घेतलं. म्हणाल्या, हे मला माहीत नव्हतं. मग म्हणाल्या, पण बाकीचे ड्रायव्हर मिटतात ना?

"सिग्नल," बाबा म्हणाले. यार्डाच्या कडेला एक सिग्नल पिवळा झाला होता. त्यांचा उजवा हात मांडीवरून जरासा उचलला गेला आणि तिथेच अडकला. तोंड उघडलं होतं, शब्द येत नव्हता.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती पुढे आली नाही. तिथूनच म्हणाली, "यलो."

यार्डातून एक मालगाडी निघून गेली, सिग्नल लाल झाला. आई पुन्हा म्हणाली, "रेड." तिचा आवाज स्कूटरवरच्यासारखा होता, किंचित वैतागलेला. तिसऱ्या वेळी सिग्नल पुन्हा पिवळा झाला, तेव्हा बाबांनी हात पुढे केला आणि फुटक्या आवाजात म्हणाले, "यलो." आईनं परत म्हटलं. मॅडम आळीपाळीनं दोघांकडे बघत होत्या. त्यांना मी हळूच सांगितलं की हे काय आहे, एकानं म्हणायचं आणि दुसऱ्यानं उत्तर द्यायचं. त्यांनी कप खाली ठेवला. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. "भैया, डोळे उघडे ठेवा. सिग्नलकडेच बघा. श्वास आत गेला की तो म्हणा. भाभीजी उत्तर देतील."

बाबांनी त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला वाटलं, आता उठतील. "आत," ते म्हणाले.

"आत," आई म्हणाली.

"बाहेर."

"बाहेर."

हे किती वेळ चाललं ते मी मोजलं नाही. कुकरची शिट्टी झाली, आईनं मला हातानं खूण केली, मी गॅस बंद करून आले, तेव्हाही ते चालूच होतं. बाबांचा आवाज सुरुवातीला कामावरचा होता, सपाट, मोठा. मग तो खाली आला. दोन श्वासांमधलं अंतर वाढलं. खांदे, जे इतके दिवस कानांजवळ गेलेले होते आणि आम्हाला दिसलेच नव्हते, ते उतरायला लागले. आणि 'आत' आणि 'बाहेर' यांच्या मधे, त्याच आवाजात, सिग्नल सांगावा तसं ते म्हणाले, "बाई होती."

आई म्हणाली, "बाई होती."

"डोक्यावर चाऱ्याचा भारा होता."

"भारा होता."

"हिरवा. मोठा. भारा असला की मान वळत नाही. हॉर्न कुठून येतो ते कळत नाही. माझ्या मायच्या डोक्यावर असाच राहायचा. मी मागून हाक मारायचो तर ती अख्खी वळायची, नुसती मान नाही, अख्खी. तशीच वळली ती. अख्खी वळली. मला पाहिलं."

आई दारातून चालत आली आणि बाबांच्या खुर्चीशी जमिनीवर बसली. बाबा रडले नाहीत. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण चेहरा हलत नव्हता, आणि डोळे उघडेच होते. मी जाळीला टेकून उभी होते. त्यातलं काहीतरी आपणही वाटून घ्यावं असं मला वाटलं, आणि माझ्या हाताला काहीच लागेना. थोड्या वेळानं बाबा म्हणाले, "बाहेर," आणि त्यांनी श्वास सोडला. आई खालून म्हणाली, "बाहेर."

जाताना अंजू मॅडम दारात मला म्हणाल्या, "असं मला कुणी शिकवलेलं नाही. बरोबर केलं का, माहीत नाही." मीही पत्रकांच्या बाहेरचं फारसं काही शिकले नव्हते. त्यांनी पत्रक पुन्हा ओढणीत खोचलं. "यातली रजेची मागणी मी अहवालात लिहिते," त्या म्हणाल्या. "फोटोचीही."

पुढच्या रविवारी मी पुन्हा दाराशी होते, पत्रकं घेऊनच. बाबा दुसऱ्या रांगेत, त्यांच्या शेजारच्या चटईवर आई. हात वर झाले, पाठी वाकल्या, गुडघे कुरकुरले. मग मॅडम म्हणाल्या, आता शांत बसायचं आहे. ज्यांना डोळे मिटायचे ते मिटतील. ज्यांना उघडे ठेवायचे त्यांनी उघडे ठेवा, समोर कुठेही बघा, ते चूक नाही. लॉबीचे इन्चार्ज खुर्चीत अवघडले, पण उठून आले नाहीत. मी बाबांकडेच बघत होते, म्हणून मला आधी कळलं नाही. मग हॉलमध्ये काहीतरी बदललं असं वाटून मी रांगांवरून नजर फिरवली. एका ड्रायव्हरचे डोळे उघडले. मग त्याच्या मागच्याचे. मग गुडघा रिटायर झालेल्या त्या विनोदी माणसाचे. अर्ध्याहून अधिक हॉल उघड्या डोळ्यांनी समोरच्या भिंतीकडे बघत श्वास घेत होता. इतके रविवार ती सगळी माणसं डोळे मिटून सहकार्य करत होती. त्यांच्यापैकी कुणाच्या रुळावर कोण उभं होतं, हे कुणी विचारलं नव्हतं, आणि त्या दिवशीही कुणी विचारलं नाही.

बाबा काही महिन्यांनी इंजिनावर परत गेले. रजेच्या मागणीचं काय झालं, तर काही नाही. त्यासाठी मी अजून लिहिते. ते बरे झाले असं मी म्हणणार नाही. ते झोपतात, पण दिवा लावून. सांगानेरच्या पुढे त्यांचा हॉर्न लांब वाजतो, असं त्यांचे असिस्टंट सांगतात. रविवारचं बसणं पुन्हा सुरू झालं आहे. आई आणि ते समोरासमोर बसतात, एकानं म्हणायचं, दुसऱ्यानं उत्तर द्यायचं, आणि शेजाऱ्यांना वाटतं की गजभियांकडे पाढे चालू आहेत. याला योग म्हणायचं का, यावर बाबा आणि अंजू मॅडम यांचा वाद फोनवर अजून चालतो. मला नावाशी कर्तव्य नाही. एक शरीर आणि एक मन एकमेकांपासून सुटून पडलेली मी पाहिली आहेत, आणि त्यांना सक्तीनं एकाच चटईवर बसवून ती जवळ येत नाहीत, हेही पाहिलं आहे.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. हे वाचणाऱ्यांपैकी कुणी कॉलनीत, कारखान्यात, शाळेत, पोलीस लाइनीत योग शिकवत असेल. कुणी तिथे शिकायला जात असेल. कुणी फक्त चटया अंथरत असेल. पुढच्या वर्गाला, श्वासाकडे जाण्याआधी, एवढं वाक्य मोठ्यानं म्हणा किंवा शिकवणाऱ्याला म्हणायला लावा: ज्यांना डोळे उघडे ठेवायचे आहेत, त्यांनी ठेवावेत. मग समोरच्या रांगांकडे बघा. आणि ज्यांचे उघडे राहतील, त्यांना कारण विचारू नका.